फॉलो-अपची तारीख उलटून गेली, तरी 'वेटिंग लिस्ट'मध्ये नाव नाही. हे काय गौडबंगाल आहे?

अबोली_लेस्टर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

आम्ही इंग्लंडात असतो. नवऱ्याला (वय ५२) काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो, तर दुकानातल्या बाईने डोळ्यांचा दाब २७ आहे म्हणून थेट पत्रच लिहिलं. हॉस्पिटलात चौदाव्या आठवड्यात नंबर लागला. तपासण्या झाल्या, थेंब लिहून दिले, 'चार महिन्यांनी परत या, पत्र येईल' म्हणाले. इथपर्यंत तक्रार नाही, उलट कौतुकच.

त्याला आता नऊ महिने झाले. पत्र नाही. परवा फोन केला, पाऊण तास सनई ऐकली (म्हणजे त्यांची ती होल्डवरची धून). मग एक पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "ते वेटिंग लिस्टवर नाहीयेत, फॉलो-अप लिस्टवर आहेत." मी विचारलं, मग ते थांबलेत ते कशाला म्हणायचं? तर म्हणे १८ आठवड्यांचा नियम त्यांना लागू होत नाही.

आणि त्याच हॉस्पिटलच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात, की आमचा प्रतीक्षाकाळ कमी झाला!

प्रश्न साधा आहे. पहिल्या भेटीनंतर माणूस किती थांबला हे कुणी मोजतं की नाही? इथे, भारतात, कुठेही?

मिरचीभजी

रुमाल टाकतोय. सविस्तर रात्री लिहितो.

हिशोबनीस

ताई, मी इंग्लंडातल्याच एका ट्रस्टमध्ये, म्हणजे सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेत, ह्याच कामावर आहे (कुठला ते विचारू नका, पगार तिथूनच येतो). हुद्दा 'व्हॅलिडेटर', काम म्हणजे दिवसभर पेशंटांची घड्याळं तपासत बसणं.

तुम्ही म्हणताय ती १८ आठवड्यांची मोजणी म्हणजे आरटीटी, 'रेफरल टू ट्रीटमेंट'. रेफरल हॉस्पिटलात पोचलं की घड्याळ सुरू, पहिला ठोस उपचार झाला की बंद. मधे दहा स्कॅन होवोत, चार डॉक्टर भेटोत, ते चालूच राहतं. ९२ टक्के पेशंट १८ आठवड्यांच्या आत असावेत असं उद्दिष्ट आहे. ते २०१६ च्या सुरुवातीनंतर एकदाही गाठलेलं नाही, आणि सरकारने आता मार्च २०२९ ची मुदत घातली आहे.

तुमच्या मिस्टरांचा पहिला उपचार कुठला? तर ते थेंब. बाटली लिहून दिली त्या दिवशी क्लिनिकच्या औटकम फॉर्मवर कुणीतरी ३० वर खूण केली. ३० म्हणजे 'पहिला उपचार झाला'. घड्याळ बंद, १४ आठवडे, पास! त्यापुढच्या प्रत्येक फेरीला कोड ९०, म्हणजे 'उपचार आधीच झालेला आहे'. ९० वाला पेशंट महिनाअखेरच्या आकड्यात येतच नाही. नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं तर ३१ किंवा ३२, तिथेही घड्याळ बंद. उद्या लेझर किंवा ऑपरेशन करायचं ठरलं, तर तो 'वेगळा उपचार' म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल.

सप्टेंबर २०२३ मध्ये यादी सगळ्यात फुगली होती, सुमारे ७७ लाख. माणसं त्याहून कमी, ६५ लाखांच्या आसपास, कारण एकच माणूस गुडघ्यासाठी एकदा आणि कानासाठी एकदा मोजला जातो. तुमचे मिस्टर त्या ७७ लाखांतही बसत नाहीत.

फॉलो-अपची यादी नसते असं नाही. प्रत्येक हॉस्पिटलकडे असते, प्रत्येक नावापुढे ड्यू डेटही असते. पण तिचा आकडा देशपातळीवर दरमहा छापून येत नाही. आमच्याकडे दर मंगळवारी मीटिंग असते. ५२ आठवड्यांच्या वरचा प्रत्येक पेशंट नावानिशी चर्चेला येतो: कुठे अडलाय, का अडलाय, कोण फोन करणार. एकाचं उत्तर मिळालं नाही तरी मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. फॉलो-अपची यादी येते शेवटच्या दहा मिनिटांत, ती दहा मिनिटं उरली तर.

कट्टा_काका

म्हणजे ९० म्हणजे 'देवाक काळजी'. :-)

शेवंता

हिशोबनीस, भारी माहिती. पण मग हॉस्पिटलं मुद्दाम लवकर उपचार 'झाला' असं दाखवत असतील ना? दोन गोळ्या द्या आणि घड्याळ बंद करा!

हिशोबनीस

@शेवंता, म्हणूनच तर माझी नोकरी आहे. नुसती दुखणं थांबवायची गोळी दिली तर घड्याळ बंद होत नाही, मूळ आजारावरचा उपचार लागतो. पण चुका दोन्ही बाजूंनी होतात. गर्दीच्या क्लिनिकात नर्सच्या हातात तो फॉर्म असतो, पुढचा पेशंट दारात उभा असतो, ती सवयीने एक खूण करते. सहा महिन्यांनी मी पत्र उघडून वाचतो आणि कळतं की खूण चुकली होती.

आकड्यांशी उघड खेळ केल्याचंही झालेलं आहे. २००१ मध्ये इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवाल काढला होता, नऊ ट्रस्टनी वेटिंग लिस्टमध्ये अयोग्य फेरफार केले म्हणून.

डेन्व्हरचा_दादा

इकडे २०१४ चं व्हीएचं प्रकरण आठवलं. व्हीए म्हणजे माजी सैनिकांची सरकारी आरोग्यव्यवस्था. उद्दिष्ट ठरवलं १४ दिवसांचं, ते साहेबांच्या बोनसशी जोडलं. मग फिनिक्समध्ये खरी यादी वेगळी आणि दाखवायची वेगळी असं निघालं. पेशंटने फोन केला की नाव सिस्टिममध्ये घालायचंच नाही, तारीख मिळाली की घालायचं. कागदावर प्रतीक्षा जवळजवळ शून्य. शेवटी खात्याचे सचिव शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला.

पेन्सिलवाला

दादा, ही युक्ती शिकायला फिनिक्सला जायला नको. मी एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं रेकॉर्डला होतो. ऑपरेशनच्या तारखांचं लांबडं रजिस्टर असायचं, लाल कापडी बांधणीचं. तारखा पेनने, नावं मात्र पेन्सिलने. का? कारण भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस यायचे, त्यातला एक दिवस नाही आले की सगळी नावं खोडून पुढच्या पानावर. नवीन पानावर नवीन 'डेट'. पहिली डेट कधी दिली होती हे फक्त त्या पानावरच्या खोडरबराच्या काळपट डागावरून ओळखायचं. एका हर्नियाच्या आजोबांचं नाव मी स्वतः चार वेळा खोडलंय. वार्षिक माहितीत आम्ही लिहायचो: इतकी ऑपरेशनं झाली. किती जण किती दिवस थांबले हा रकाना छापील तक्त्यात नव्हताच.

'महात्मा फुले' योजनेतल्या केसेसचं वेगळं. तिथे आरोग्यमित्राने प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाकली की पोर्टलवर वेळेसकट नोंद होते, मंजुरीचीही होते. पण पेशंट पहिल्यांदा ओपीडीत आला त्या दिवसापासून प्री-ऑथपर्यंतचे दिवस कुणाच्या खात्यात? सोनोग्राफीची वाट, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करण्याची वाट... ते दिवस पेशंटच्याच खात्यात. एक मात्र मान्य करतो. योजनेच्या जुन्या ९७१ उपचारांच्या यादीसोबत १२१ फॉलो-अपची पॅकेजेस होती. म्हणजे 'नंतरचं' हेही काहीतरी असतं, त्याला पैसे लागतात, हे कागदावर तरी मान्य झालेलं होतं.

निवडुंग

खोडरबराचा डाग! _/\_

कट्टा_काका

अवांतर: आमच्या गावच्या डॉक्टरांकडे पहाटे पाचला चपलांची रांग लागायची. माणसं समोरच्या टपरीवर चहा पीत बसायची, चपला नंबर धरायच्या. एकदा कुत्र्याने सहाव्या नंबरची चप्पल पळवली. त्या गृहस्थांना कंपाउंडरने शेवटून पाठवलं, पुरावा नाही म्हणून.

शेवंता

काका =)) =)) डेटा लॉस!

मिनू_कोथरूड

आमच्या इथल्या खाजगी हॉस्पिटलच्या गुणवत्ता विभागात मी तीन वर्षं काढली, म्हणून दोन पैसे माझेही. एनएबीएच (हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारी संस्था) हिच्या निर्देशकांत ओपीडीतला आणि तपासण्यांचा प्रतीक्षाकाळ मोजायचा असतो. आम्ही मोजायचो, इमानदारीत. पण तो काळ मिनिटांतला! पेशंट दारात आल्यापासून डॉक्टरसमोर बसेपर्यंत. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायलाच तीन आठवडे लागले, ते त्यात नाहीत. आणि मिनिटांतही गंमत: बाहेर सिस्टरने बीपी घेतलं की 'सेवा सुरू झाली' धरायचं का, ह्यावर आमच्या दोन मीटिंगा झाल्या. धरलं, आणि सरासरी एका महिन्यात ४१ वरून १९ वर आली. पेशंट तिथेच, त्याच निळ्या खुर्चीवर बसलेला.

फॉलो-अप म्हणाल तर त्याची आठवण मार्केटिंगवाले करायचे. गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी. 'मॅडम, तुमचं चेकअप ड्यू आहे, ह्या महिन्यात पॅकेजवर सूट आहे.' ज्याला खरंच यायला हवं होतं आणि जो आला नाही, त्याची यादी मागितली तर सॉफ्टवेअरमध्ये तसा रिपोर्टच नाही असं उत्तर आलं.

डॉ_भटक्या

थोडं विरोधी मत मांडतो. मी इंग्लंडात सहा वर्षं काम केलंय, आता नाशिकला आहे. सगळे फॉलो-अप मोजले पाहिजेत असा सूर लागलाय, पण निम्म्या फॉलो-अपना काही अर्थ नसतो. "कसं वाटतंय?" "बरंय." "मग सहा महिन्यांनी या." ज्युनियर डॉक्टरला पेशंट सोडून द्यायची भीती वाटते म्हणून तो पुढची तारीख देतो. त्या गर्दीत खरा गरजू मागे पडतो. २०२२-२३ मध्ये इंग्लंडने फॉलो-अप २५ टक्क्यांनी कमी करा असं सगळ्या ट्रस्टना सांगितलं होतं, ते उगीच नव्हे. पीआयएफयू म्हणून पद्धत आहे: तारीखच द्यायची नाही, त्रास झाला तर पेशंटने फोन करायचा. हर्नियाच्या ऑपरेशननंतर हे उत्तम चालतं. माझ्या आईला तर फार आवडलं असतं, ती दवाखान्यात जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोपत नाही.

अबोली_लेस्टर

डॉक्टर, हर्नियाला ठीक आहे हो. पण काचबिंदूला त्रास होतो कधी? नवऱ्याला काही दुखत नाही, खुपत नाही. गाडी चालवतो, पेपर वाचतो. फील्ड टेस्टला बसला तेव्हा त्या पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. तो म्हणाला, मी सगळे दाबले. आणि कागद आला त्यावर नाकाच्या बाजूला कोपऱ्यात काळा डाग. त्याला पत्ताच नाही! हा माणूस 'त्रास झाला तर फोन' कधी करणार?

डॉ_भटक्या

पूर्ण मान्य. काचबिंदू, मधुमेहाचा डोळा, रेटिनाची इंजेक्शनं, काही कॅन्सर. इथे पीआयएफयू म्हणजे गुन्हा. माझं म्हणणं एवढंच की सरसकट नको.

कार्डिफकर

अबोली, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या वेल्समध्ये आहे. इथे आरटीटीचं उद्दिष्ट २६ आठवड्यांचं, म्हणजे इंग्लंडपेक्षा ढिलं, आणि यादी भलीमोठी. तेव्हा कौतुकाचं काही नाही. पण फॉलो-अपची नोंद वेगळी ठेवतात. ठरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळ उलटून गेलेले किती, हा आकडा ठेवला जातो. चार महिन्यांनी या म्हटलं आणि आठ उलटले की तुम्ही त्यात मोजले जाता. आणि २०१९ पासून डोळ्यांसाठी खास माप आहे. ज्यांची दृष्टी कायमची जाऊ शकते ते 'आर-वन' गटात. नवा पेशंट असो की जुना, त्याची स्वतःची तारीख धरायची आणि तिच्यापुढे जास्तीत जास्त पाव मुदतीची सवलत. तुमच्या नवऱ्याच्या हिशेबात चार महिने अधिक एक. पाच महिन्यांनंतर तो लाल रंगात गेला असता.

मोजलं म्हणून नंबर लागतोच असं नाही. इथेही कित्येक जण लाल रंगात पडून आहेत. पण निदान कुणी फोनवर 'तुम्ही थांबलेलेच नाही' असं म्हणत नाही.

हिशोबनीस

+१. इंग्लंडात डोळ्यांबद्दल बोंब झाली नाही असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये आरोग्यसेवेतल्या चुका तपासणाऱ्या एचएसआयबी ह्या संस्थेने काचबिंदूवरच अहवाल दिला. ३४ वर्षांच्या एका बाईच्या फॉलो-अप भेटी १३ महिने लांबल्या आणि तिची दृष्टी गेली. त्याआधीच्या एका अभ्यासाचा दाखला त्यात आहे: देशभरात महिन्याला २२ पर्यंत लोकांची दृष्टी अशा उशिरांमुळे कायमची किंवा गंभीरपणे जाते.

पैशाचंही बघा. २०२३ पासून हॉस्पिटलला पहिली भेट आणि ऑपरेशन ह्यांचे पैसे जितकं काम तितके मिळतात, साध्या फॉलो-अपचे ठोक रकमेत. आता क्लिनिकचा एक रिकामा स्लॉट आहे, तो मॅनेजर कुणाला देईल ते तुम्हीच सांगा.

निवडुंग

वाचून पोटात गोळा आला. ताई, तुम्ही वाट बघत बसू नका.

उपकेंद्र_ताई

मी सातारा जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुम्ही सगळे मोठ्या हॉस्पिटलांचं बोलताय, मला वाटतं फॉलो-अप मोजायचं आपल्याकडे गावातच जास्त चालतं. आमच्या सिस्टर आणि आशाताईंची 'ड्यू लिस्ट' असते. ह्या महिन्यात कुठल्या बाळाचा कुठला डोस, कुठल्या गरोदर बाईची कितवी तपासणी. कोण आलं ह्यापेक्षा कोण आलं नाही हे त्या यादीत आधी बघतात. आशाताई संध्याकाळी त्या घरी जाते. बाई माहेरी गेली असेल तर माहेरच्या आशाताईला फोन. लसीकरणाच्या दिवशी दुपारी दोनला वही उघडून राहिलेल्या नावांवर बोट फिरवताना मी रोज बघते.

टीबीचं तसंच, निक्षय पोर्टल २०१२ पासून आहे. बीपीचं २०१७ ला आयएचसीआय नावाच्या कार्यक्रमाने सुरू झालं, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि आमचा जिल्हाही सुरुवातीच्या जिल्ह्यांत. गोळ्या संपायची तारीख गेली की नाव थकीत यादीत येतं. आधी फोन, मग घरभेट. सगळं गोडगोड नाही. फोन नंबर अर्ध्यांचे बदललेले, रेंज नाही, आणि 'बरं वाटतंय, गोळ्या बंद केल्या' हे तर रोजचं. पण कुणी आलं नाही हे निदान आमच्या लक्षात तरी येतं.

पण त्याच माणसाला पुढे जिल्ह्याला पाठवलं की आमची वही तिथे संपते. तिकडे तारीख मिळाली का, ऑपरेशन झालं का, हे आम्हाला तो परत बीपीच्या गोळ्यांना येतो तेव्हा कळतं.

पेन्सिलवाला

ताई, तुमचा माणूस आमच्या लाल रजिस्टरात पेन्सिलने असतो.

मिनू_कोथरूड

उपकेंद्र_ताई, दंडवत. आमचं सॉफ्टवेअर विकत घेताना तुम्हाला समितीवर घ्यायला हवं होतं.

सदानंद_ठाणे

उशिरा आलो. महाराष्ट्रात प्रतीक्षा यादी नीट ठेवलेली मी एकच पाहिली, अवयवदानाची. धाकट्या भावाचं नाव मुंबईच्या झेडटीसीसीकडे (अवयववाटप बघणारी विभागीय समिती) किडनीसाठी नोंदवलं होतं. तिथे गुण असतात, डायलिसिस किती काळ चालू आहे त्यालाही गुण. थांबण्याला किंमत देणारी यादी मी दुसरीकडे पाहिली नाही. नंबर लागायला वर्षं गेली, तो भाग वेगळा. त्या वर्षांत दर काही महिन्यांनी तपासण्या अद्ययावत ठेवाव्या लागायच्या, आणि त्यांच्या तारखा कुणी ठेवायच्या? वहिनीने, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.

कट्टा_काका

भावाची तब्येत आता कशी आहे?

सदानंद_ठाणे

उत्तम. काल पावसात वडे खायला बाहेर पडला होता, वहिनीने फोनवरून हाकलून घरी आणला.

शेवंता

आणि ते मिरचीभजी कुठे गेले? रात्री सविस्तर लिहिणार होते.

मिरचीभजी

मी फॉलो-अप लिस्टवर आहे, तुमचा नियम लागू होत नाही.

हिशोबनीस

=)) असो. अबोलीताई, आता कामाचं. पाऊण तास सनई पुन्हा ऐकू नका. पत्रावर कन्सल्टंटच्या सेक्रेटरीचा नंबर असतो, थेट तिला फोन करा. 'अपॉइंटमेंट कधी मिळेल' असं विचारू नका, ती काय सांगणार? असं म्हणा: डॉक्टरांनी चार महिने लिहिले होते, नऊ झालेत, काचबिंदू आहे, फील्डमध्ये दोष होता, ही माहिती डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तिने काय उत्तर दिलं ते तारखेसकट लिहून ठेवा. दोन दिवसांत काही झालं नाही तर पॅल्सला (हॉस्पिटलातला पेशंट-मदत कक्ष) ईमेल, जीपीला (तुमच्या फॅमिली डॉक्टरला) प्रत. आणि तोवर थेंब एकही दिवस चुकवू नका. बाटली जीपीकडून मिळत राहते.

एक सावधगिरी: 'तुम्हाला अजून अपॉइंटमेंट हवी आहे का' असा मेसेज आला तर उत्तर द्या. आम्हीच पाठवतो ते, यादी साफ करायला. लोक फसवणूक समजून पुसून टाकतात आणि मग आम्ही त्यांना पुसून टाकतो.

अबोली_लेस्टर

(सतरा दिवसांनी)

अपडेट. सेक्रेटरी बाई भली निघाली. तुम्ही सांगितलं तसंच्या तसं बोलले, तिने लिहून घेतलं, चौथ्या दिवशी फोन आला की एक कॅन्सलेशन आहे, उद्या सकाळी ८:२० ला या. गेलो. दाब १८, थेंबांनी काम केलंय. काळा डाग मात्र थोडा पसरलाय. ह्या पाच महिन्यांत पसरला की आधीच्या चारात, ते सांगता येणार नाही म्हणाले डॉक्टर. माणूस प्रामाणिक वाटला. दुसरे थेंब जोडलेत, तीन महिन्यांनी बोलावलंय, लेझरचा विचार तेव्हा.

बाहेर पडताना नवऱ्याच्या हातात तो फॉर्म होता. मी मुद्दाम पाहिला. ९० वर खूण. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तीन महिन्यांची तारीख आत्ताच द्या ना. म्हणाली, आमची डायरी सहाच आठवडे पुढची उघडते, पत्र येईल.

हिशोबनीस

दाब १८ हे ऐकून बरं वाटलं. तीन महिन्यांवर एक दिवस झाला की सेक्रेटरीला फोन. लेझर ठरलं तर त्या दिवसाची तारीखही टिपून ठेवा, तिथून नवीन घड्याळ सुरू होतं, आणि ते मोजलं जातं.

वाघोबा_रेडिंग

हा धागा आज सापडला. माझे आतड्यातले पॉलिप (छोट्या गाठी) काढले होते, तीन वर्षांनी पुन्हा कोलोनोस्कोपी सांगितली होती, ती तारीख मार्चमध्ये गेली. मीही ९० मध्येच का?

हिशोबनीस

तुम्ही 'प्लॅन्ड' यादीवर. तीन वर्षं होईपर्यंत तुमचं घड्याळ नसतं, कारण तुम्ही थांबलेले नसता, तारीखच पुढची असते. पण ठरलेली तारीख उलटली की नियमाप्रमाणे तुम्हाला चालू वेटिंग लिस्टवर घेऊन घड्याळ सुरू करायला हवं. फोन करून नेमकं हेच विचारा: मार्चपासून माझं घड्याळ चालू केलंय का? बहुतेक समोरचा माणूस दोन मिनिटं गप्प बसेल. बसू द्या.